फेरफार प्रलंबित

संगणकाला अवघड काय जातं, असं विचारलं तर लोक मोठमोठी उत्तरं देतात. कोणी हवामानाचा अंदाज म्हणतं, कोणी शेअर बाजार, कोणी कवितेचं भाषांतर. खरं उत्तर अगदीच किरकोळ आहे. एक जण फाइलचं नाव वाचत असताना दुसऱ्याने तेच नाव बदलायला घेतलं, की संगणकाच्या पोटात गोळा येतो. नुसतं वाचणं सोपं, नुसतं बदलणंही सोपं. दोन्ही एकाच क्षणी आलं की भल्याभल्यांची झोप उडते. लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम १९९१ साली जन्मली, आज ती प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात बसलेली आहे, आणि तिच्यावर काम करणारी जगातली अतिशय हुशार माणसं अजूनही या प्रश्नाशी झटापट करताहेत. त्या झटापटीत खालच्या कोपऱ्यात उभं राहून धूळ झाडणाऱ्यांपैकी मी एक.

हे काम मी अमळनेरात घरी बसून करतो. अमळनेरात घरून काम करणारा माणूस संशयित असतो. हा सकाळी डबा घेऊन निघत नाही, दुकान उघडत नाही, शेतावर जात नाही, मास्तरही नाही, आणि तरी दर महिन्याला याच्या खात्यात पैसे पडतात. गल्लीने याची चौकशी करण्याचं काम शेजारच्या आबांकडे सोपवलं. आबा निवृत्त तलाठी. पंचनामा कसा करायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. एका संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला आणि अहिराणीत थेट मुद्द्याला हात घातला, "भो, तू घर बसीसन करस काय?"

मी म्हणालो, "आबा, फाइलींची नावं नीट वाचली जातील असं बघतो."

आबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझा पगार सरकारजमा व्हायला हवा. "नाव वाचायला पगार?"

मग मला सविस्तर सांगावं लागलं. संगणकाच्या लेखी नाव म्हणजे एकापुढे एक मांडलेली अक्षरं, आणि नाव संपलं हे कळावं म्हणून शेवटी एक शून्य. वाचणारा पहिल्या अक्षरापासून निघतो आणि शून्य भेटेपर्यंत चालत राहतो. आता समजा, नाव आहे रामदास, आणि कोणीतरी ते बदलून शामराव करतोय. वाचणारा मधेच पोचला. पुढचा भाग नवा झालाय, मागचा अजून जुना आहे. त्याने वाचलं शामदास. हा शामदास कधी जन्मला नाही, शाळेत गेला नाही, त्याच्या नावावर रेशनकार्ड नाही. पण एका क्षणापुरता तो संगणकात राजरोस वावरला. त्याच्या नावाने कोणी फाइल शोधायला गेलं तर मिळणार नाही, आणि त्याच्या नावाने कोणी परवानगी दिली तर ती कोणाला मिळाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आबा अजिबात चकित झाले नाहीत. "असे शामदास आमच्या सज्जात पाच-सहा होते," ते म्हणाले. "दोघं मतदान पण करायचे."

तिथे माझ्या लक्षात आलं की आपण चुकीच्या माणसाला शिकवायला बसलोय. ज्या माणसाने नोकरीभर सातबारावरची नावं लावली, कमी केली आणि तीच नावं वाचायला दारात उभ्या राहिलेल्या गर्दीला तोंड दिलं, त्याला हा प्रश्न समजावून सांगायचा नसतो. त्याला फक्त आपण कुठवर पोचलोय ते कळवायचं असतं.

या दुखण्यावरचा पहिला इलाज कोणालाही सुचेल असा आहे. कुलूप. नाव वाचायचं असो की बदलायचं, आधी किल्ली घ्यायची, काम उरकायचं आणि किल्ली परत द्यायची. किल्ली एकच. लिनक्समध्ये एके काळी अख्ख्या गाभ्याला मिळून एक थोरलं कुलूप होतं. १९९६ साली ते लागलं आणि २०११ साली एकदाचं निघालं. कुलपाने चुका होत नाहीत हे खरं, पण कामंही होत नाहीत. गर्दीच्या सर्व्हरवर सेकंदाला लाखो वेळा नावं वाचली जातात. बदललं जातं एखादंच. त्या एकासाठी लाखभर वाचणाऱ्यांना रांगेत उभं करायचं, हा कारभार झाला की छळ?

आबा म्हणाले, "छळ कसला? दप्तर माझ्या घरी असायचं, आणि मी तहसीलला मीटिंगला."

"मग लोकांनी करायचं काय?"

"थांबायचं."

कुलपांचा याहून भयंकर प्रकार फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेताना होतो. तेव्हा दोन फोल्डरांची दोन कुलपं लागतात. एकाने पहिलं धरलं आणि दुसऱ्यासाठी थांबला, दुसऱ्याने दुसरं धरलं आणि पहिल्यासाठी थांबला, की दोघंही प्रलयापर्यंत तसेच. याला उपाय म्हणून लिनक्समध्ये मानपान ठरवून दिलेला आहे. आधी पूर्वजाचं कुलूप, मग वंशजाचं. दोघांत तसं काही नातं नसेल तरी कोणाचं आधी याचा नियम आहेच. शिवाय अशा स्थलांतराचं काम एका फाइल-यंत्रणेत एका वेळी एकाच जोडीने करायचं. म्हणजे एका मांडवात एकच लग्न. हा नियम ज्या कागदावर लिहिलेला आहे तो मी वाचलाय. त्यातलं कोण कोणाचा पूर्वज हे समजेपर्यंत मला माझ्या घरातली वडीलधारी मंडळी जास्त समजूतदार वाटायला लागली होती.

आबांनी यावर एक प्रकरण सांगितलं. तहसीलचा आदेश आल्याशिवाय तलाठी नोंद धरेना, आणि तलाठ्याचा अहवाल आल्याशिवाय तहसील आदेश काढेना. मी विचारलं, "शेवटी सुटलं कसं?" ते म्हणाले, "दोघांची बदली झाली." यालाही आमच्या धंद्यात उपाय म्हणून मान्यता आहे. त्याला आम्ही मशीन बंद करून पुन्हा सुरू करणं म्हणतो.

कुलूप नको तर मग काय? इथून मामला रंगतो. प्रत्येक नावाशेजारी एक आकडा ठेवायचा. नाव बदलायला घेणाऱ्याने आधी तो एकने वाढवायचा, म्हणजे तो विषम होतो. बदलून झालं की पुन्हा एकने वाढवायचा, म्हणजे तो सम होतो. वाचणाऱ्याने कुलूपबिलूप काही लावायचं नाही. आधी आकडा बघायचा. विषम असेल तर काम चालू आहे हे समजून घ्यायचं. सम असेल तर बिनधास्त नाव वाचायचं आणि वाचून झाल्यावर आकडा पुन्हा बघायचा. तोच असेल तर वाचलेलं खरं. बदलला असेल तर वाचलेलं सगळं विसरायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

आबा ताडकन सरळ बसले. "हाऊ ते पेन्सिलना फेरफार शे!"

ज्यांनी शेतीचे कागद हाताळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जमिनीचा मालक बदलला की सातबारावर थेट हात लावायचा नसतो. आधी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हाताच्या सातबाराच्या काळात या दरम्यान तलाठी नवं नाव पेन्सिलने लिहून ठेवत. पेन्सिल दिसली की ज्याला कळायचं त्याला कळायचं, हे अजून चालू आहे, यावर कर्ज देऊ नका. प्रमाणित झालं की शाई. म्हणजे विषम म्हणजे पेन्सिल आणि सम म्हणजे शाई. ही युक्ती शोधल्याबद्दल ज्यांची नावं संगणकशास्त्राच्या पुस्तकांत आहेत, त्यांनी महाराष्ट्राच्या महसूल खात्याचं दोन ओळींत का होईना ऋण मानायला हवं होतं.

"आणि आकडा बदललेला निघाला तर पुन्हा पहिल्यापासून?" आबांनी खात्री करून घेतली.

"हो."

"म्हंजे तुम्हना कॉम्प्युटरबी 'सकाय ये' म्हनस!"

मला खाली बघावं लागलं. पण 'उद्या या' हे कितीदा म्हणायचं याला आमच्याकडे मर्यादा आहे. फाइलचा अख्खा पत्ता, म्हणजे मुळापासून तिच्यापर्यंतची सगळी नावं जोडून लिहायची असतात, तेव्हा लिनक्स पहिल्या खेपेला कुलूप न लावता वाचून बघतो. मधे कोणी काही बदललं असं आढळलं, तर दुसऱ्या खेपेला तो विनवण्या करत बसत नाही. सरळ कुलूप घालतो, काम होईपर्यंत कोणालाही बदल करू देत नाही, आणि पत्ता घेऊनच उठतो. पहिल्यांदा नमस्कार, दुसऱ्यांदा दारात ठाण. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे तंत्र कोणी शिकवलेलं नाही.

आता एक बारीक मुद्दा, आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत देखणा. नाव वाचणारा कुलपाशिवाय वाचतोय, तर वाचता वाचता हद्दीबाहेर गेला तर? समजा, त्याला सांगितलेली लांबी जुन्या नावाची आहे आणि अक्षरं नव्या नावाची. लिनक्स लिहिणाऱ्यांनी यावर शांतपणे असं ठरवलं आहे की चुकीचं वाचलं तरी हरकत नाही, नंतर आकडा बघितल्यावर ते उघडकीला येणारच आहे. फक्त एक गोष्ट कायम पाळायची. नावाच्या शेवटचं शून्य कधीही, एका क्षणासाठीही, नाहीसं होता कामा नये. वाचणारा किती का भरकटेना, शून्य आलं की त्याने थांबायचंच. आत काय गोंधळ असेल तो असो, कुंपण शाबूत पाहिजे. हुशारीची ही जात मला फार आवडते. यात चूक होऊच नये असा हट्ट नाही. चूक झाली तर ती घरातल्या घरात राहावी एवढीच व्यवस्था आहे.

नावं ठेवायची कुठे, यातही गंमत आहे. प्रत्येक नोंदीच्या चौकटीतच नावासाठी थोडी जागा राखलेली असते. आपल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या यंत्रांवर ती बरीच वर्षं ३२ बाइट होती, अलीकडच्या आवृत्त्यांत ४० झाली. नाव तेवढ्यात मावलं तर घरातच राहतं. नाही मावलं तर त्याला बाहेर वेगळी खोली घेऊन देतात आणि चौकटीत फक्त खोलीचा पत्ता ठेवतात. हे ऐकल्यावर अमळनेरच्या माणसाच्या डोक्यात काय येणार? मी बोटांवर मोजलं. 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. १९४५ च्या डिसेंबरात स्थापन होऊन आमच्या गावात तेलाची गिरणी काढणाऱ्या कंपनीचं हे मूळ नाव. पुढे १९७७ मध्ये ती विप्रो प्रॉडक्ट्स झाली आणि १९८२ मध्ये नुसती विप्रो लिमिटेड. मूळ नाव इंग्रजीत लिहिलं तर जागा धरून बरोबर ४० अक्षरं भरतात. आणि शेवटचं शून्य धरलं की ४१. म्हणजे वनस्पती तुपाच्या कंपनीला लिनक्सच्या घरात एका बाइटने जागा मिळत नाही! 'विप्रो' मात्र पाच अक्षरांत ऐसपैस पाय पसरून झोपते. नाव लहान करण्यामागे हे कारण नव्हतं, पण दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

देवनागरीचं दुखणं याहून मोठं. आपल्या लिपीतलं एक एक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांना प्रत्येकी तीन. 'अमळनेर' एवढंसं गाव अठरा बाइटांचं होतं. लिनक्सच्या बहुतेक फाइल-यंत्रणांत नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट, म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हं. आमच्या विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' वरून 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असं झालं. जुनं ७४ बाइट, नवं १४०. बहिणाबाईंचं नाव लागलं याचा आनंद आहेच. पण त्या नावाची फाइल करून तिच्यापुढे 'बीए तृतीय वर्ष पुनर्मूल्यांकन सुधारित निकाल अंतिम' असं लिहायला जा, आणि यंत्रणा 'अंतिम' शब्दाच्या अलीकडेच हात जोडते. अंतिम निकाल न लागण्याची इतरही कारणं असतात, पण हे त्यातलं तांत्रिक.

आता घरातलं नाव आणि बाहेरच्या खोलीतलं नाव यांत जास्त सुरक्षित कोण? कोणीही सांगेल घरातलं. तसं नाही. घरातलं नाव बदलायचं तर त्याच जागेवर नवी अक्षरं लिहावी लागतात, आणि तिथेच शामदास जन्माला येतो. बाहेरच्या नावाचं तसं नसतं. नवं नाव नव्या खोलीत पूर्ण लिहून घ्यायचं आणि मग एका झटक्यात चौकटीतला पत्ता बदलायचा. वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनं मिळतं नाही तर पूर्ण नवं. प्रश्न उरतो जुन्या खोलीचा. तिथे कोणी आधीचा वाचणारा अजून बसला असेल तर? उत्तर असं की तो उठेपर्यंत खोली पाडायची नाही. नवीन कोणाला तिकडे पाठवायचं नाही, आहेत त्यांना हुसकायचं नाही, शेवटचा बाहेर पडला की मग जागा मोकळी करायची. या पद्धतीला आमच्यात आरसीयू म्हणतात. पॉल मॅकेनी या गृहस्थांनी तिच्यावर अर्धं आयुष्य घालवलंय, आणि लिनक्समध्ये ती २००२ साली आली. २०११ च्या मार्चमध्ये निक पिगिन या प्रोग्रामरच्या कामातून अशी व्यवस्था झाली की फाइलचा पत्ता शोधत जाताना वाटेतल्या नावांसाठी बहुतेक वेळा कुलूप लावावंच लागत नाही.

आबांना यातलं काहीच नवीन वाटलं नाही. "खोडरबर? ते पाप मी कधीच करं नही," ते म्हणाले. सातबारावरचं जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात, शेजारी फेरफाराचा नंबर टाकतात आणि खाली नवं नाव लिहितात. ज्याला जुनं बघायचं त्याने जुनं बघावं. फरक इतकाच की लिनक्स शेवटचा वाचणारा उठला की जुनी जागा मोकळी करतो, आणि महसूल खात्यात शेवटचा वाचणारा कधी उठतच नाही. पणजोबा कंसात आहेत, खापरपणजोबा कंसात आहेत, आणि त्यांच्या नावाने दावा लावणारे कंसाबाहेर वाढत चालले आहेत.

इतकं सगळं करूनही भोक राहायचं ते राहिलंच. २०१७ साली ते सापडलं, आणि सीव्हीई-२०१७-७५३३ या क्रमांकाने त्याची दप्तरी नोंद झाली. लिनक्समध्ये एक पहारेकरी आहे. एखाद्या फोल्डरवर नजर ठेवायची आणि तिथे काही घडलं की मालकाला कळवायचं, 'अमुक नावाच्या फाइलला तमुक झालं', एवढंच त्याचं काम. तो कळवायला निघण्यापूर्वी नावाची लांबी मोजायचा, तेवढ्या आकाराची जागा मागून घ्यायचा आणि मग नाव त्या जागेत उतरवून घ्यायचा. मोजणं आणि उतरवणं यांच्या मधे पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. पण नेमक्या तेवढ्यात कोणी नाव बदललं तर? मोजलं तेव्हा नाव होतं 'विप्रो', इंग्रजीत पाच अक्षरं. उतरवायला घेतलं तेव्हा झालेलं होतं 'विप्रो प्रॉडक्ट्स लिमिटेड', म्हणजे बावीस. जागा पाचाची. उरलेली सतरा अक्षरं गेली कुठे?

"शेजारच्या वावरात," आबा म्हणाले.

अगदी बरोबर. संगणकाच्या मेमरीत ज्याचा कोणाचा शेजारचा तुकडा असेल त्याच्यात घुसली. आणि शेजारच्या तुकड्यात कोणाचे हक्क, परवानग्या, पत्ते असतील ते हवे तसे बदलून घेता येतात, हे हुशार चोराला कळायला वेळ लागत नाही. साध्या फाइलचं नाव बदलता बदलता माणूस मशीनचा मालक होऊन बसू शकतो.

आबा उठून उभे राहिले. "बांध कोरी लिधा! सरळ बांध कोरी लिधा!" निवृत्त झाल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नसावा. अमेरिकेत, युरोपात, जिथे कुठे हे कोड लिहिलं जातं तिथेही माणसं नांगराच्या एका फाळाने शेजाऱ्याचा बांध कोरतात, ही बातमी त्यांनी रात्रीपर्यंत गल्लीभर केली.

दुरुस्ती अल व्हिरो यांनी केली. नावं-फोल्डरांचा सारा कारभार ज्यांच्या अखत्यारीत चालतो ते हे गृहस्थ. त्यांनी असं केलं की पहारेकऱ्याला मूळ नावाकडे बोट दाखवायचंच नाही. आधी त्या नावाची नक्कल काढून हातात द्यायची. नक्कल काढताना क्षणभर कुलूप. नाव लहान असेल तर सगळं उतरवून घ्यायचं, मोठं असेल तर त्याच्या खोलीवर 'इथे अजून एक जण आहे' अशी मोजणी टाकायची, म्हणजे ती कोणी पाडणार नाही. मग मूळ नाव शंभरदा बदलो, पहारेकऱ्याच्या हातातली नक्कल बदलत नाही. ती शिळी असू शकते, अर्धवट असू शकत नाही. आबांच्या भाषेत सही-शिक्क्याची खरी नक्कल. वर तारीख आणि खाली सही. उद्याचं आम्हाला विचारू नका.

नाव उतरवून घ्यायची जी जुनी हत्यारं होती त्यांनाही पर्याय निघाला. एक हत्यार असं होतं की जागा पुरली नाही तर शेवटचं शून्यच लिहायचं नाही. दुसरं, नाव होतं स्ट्रएलसीपीवाय, आधी मूळ नावाची लांबी मोजायचं आणि मग उतरवायचं. म्हणजे पुन्हा तेच, मोजणं आणि उतरवणं यांच्या मधली फट. २०१५ साली त्यांच्या जागी नवं हत्यार आलं. ते एकाच फेरीत वाचतं आणि लिहितं. समोरचं नाव मधेच बदललं तरी हद्द ओलांडत नाही, शून्य लिहायला विसरत नाही, आणि जागा अपुरी पडून नाव तुटलं तर तसं स्पष्ट सांगतं. सरकारी कागदांवर 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, वाचून ज्यांनी हा कोण एकनाथ कुमार म्हणून विचारणा केली असेल, त्यांना तुटल्याचं स्पष्ट सांगण्याची किंमत कळेल. स्ट्रएलसीपीवायला २०२४ च्या जानेवारीत लिनक्समधून कायमचा निरोप देण्यात आला. पुढच्याच महिन्यात अमळनेरात सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण मराठी लेखात संमेलन आलं नाही तर तो छापत नाहीत.

सगळ्यात खोल गोष्ट आबांना सांगायची राहिली होती. नाव म्हणजे फाइल नव्हेच. प्रत्येक फाइलला आतून एक नंबर असतो, खरी ओळख तीच. नाव ही फोल्डरच्या वहीतली नुसती एक ओळ. एकाच फाइलला दोन नावं असू शकतात, जशी पांडुरंग सदाशिव साने आणि साने गुरुजी. आमच्या प्रताप हायस्कूलच्या हजेरीवहीत पहिलं, मुलांच्या तोंडी दुसरं, आणि माणूस एकच. नाव पुसलं तरी कोणी ती फाइल उघडून बसलेलं असेल तोवर ती जिवंत राहते. त्या अवस्थेत तिचा पत्ता विचारला तर लिनक्स पत्ता देतो आणि पुढे कंसात लिहितो, 'पुसलेली'.

"मयत," आबांनी दुरुस्ती केली. "आणि तो तुमचा नंबर म्हणजे गट नंबर. मालक येतात-जातात, गट तिथेच."

१९१६ साली प्रताप शेठजींनी आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. प्रा. मलकानींसारखे अद्वैती तिथे वर्षानुवर्षं हेच सांगत बसले होते की नाम आणि रूप हा सगळा वरवरचा खेळ आहे, खरं ते त्याच्या मागे. जगभरच्या सर्व्हरांमध्ये सेकंदाला लाखो वेळा जे सिद्ध होतंय ते अमळनेरने शंभर वर्षांपूर्वी गृहीत धरलेलं होतं. फक्त आम्ही त्याचं पेटंट घेतलं नाही.

आणि तरी अमळनेरातच नावाने माणसाचा जीव जातो, कारण लिनक्सला जे जमलं ते आपल्याला जमलेलं नाही. लिनक्समध्ये नक्कल कामापुरती काढतात आणि काम झालं की फेकून देतात. मूळ नाव एका जागी. आपल्याकडे मूळ नाव कुठे आहे तेच कोणाला ठाऊक नाही, सगळ्या नकलाच. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं, सातबारावर चौथं आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंग बदललेलं पाचवं. प्रत्येक कार्यालय आपली नक्कल तीच खरी म्हणतं. या गावात विप्रोच्या सुरुवातीच्या काळात कित्येक घरांनी शेअर घेतले, आणि त्या कागदांनी पुढे अमळनेरात कोट्यधीश घडवले हे जगजाहीर आहे. ज्यांचे कागद पेटीत राहिले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. कागदावर कंपनीचं नाव जुनं, आजोबांचं नाव इंग्रजीत भलतंच, आजोबा मयत, वारसाच्या आधारवर आडनावच वेगळं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे थेट हस्तांतरित करणंही बंद झालं. आधी ते डिमॅटमध्ये न्यावे लागतात. एका ओळखीच्या घरात हे प्रकरण एका कार्यालयात अडकलंय. तिथे 'पाटील' या आडनावाची दोन स्पेलिंग एकाच माणसाची असू शकतात यावर अजून विचार चालू आहे. आबांनी ते कागद पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "फेरफार प्रलंबित."

तेव्हा अमळनेरकरांना आणि बाहेरगावी गेलेल्या त्यांच्या मुलानातवंडांना एक विनंती. पोटमाळ्यावरची पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी उघडा. तीत वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असं छापलेला कागद निघाला तर तो टाकू नका, तुपाची जुनी पावती नसेल ती. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर कंपनी कायद्याप्रमाणे शेअर सरकारी निधीकडे वर्ग होतात, पण वारसाला तिथूनही ते मागता येतात. आधी मात्र आजोबांचं, वडिलांचं आणि तुमचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का ते ताडून बघा. नसेल तर राजपत्रात दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, वारस दाखला, जे लागेल ते करा, आणि या सगळ्याला लागेल तितका वेळ काढा. कामाच्या मधेच कोणी सुचवलं की घरातल्या कोणाचं नाव अंकशास्त्राप्रमाणे बदलून घेऊ, तर त्याला अर्ज निकाली निघेपर्यंत थांबवा.